चालू मागावरचा वर्ग

सोनाली खटके बाई सोलापुरात आल्या तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांना कुणी विचारलं असतं की शाळा कशी आहे, तर त्यांना सांगता आलं नसतं. कानात फक्त आवाज उरलेला असायचा. शाळा पूर्व भागात. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खटखटाट सुरू होतो तो शाळेच्या फाटकापर्यंत सोबत करतो. फाटकाच्या आत तो थोडा मागे पडतो, आणि मग तिसरी 'ब' ऐकू येते.

तिसरी 'ब' भांडत नव्हती, मारामारी करत नव्हती. ती नुसती बोलत होती, पण ओरडून. शेजारी बसलेल्या मुलाकडं खोडरबर मागायचं तरी पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला हाक मारावी तसं.

"बाईऽऽ, ह्यानं माझं रबर घेतलं की!"

"घेतलं नाही बाई, त्यानं दिलंय की मला!"

"कधी दिलं रे? कधी दिलं?"

यातला सगळ्यांत मोठा आवाज श्रीशैल बोद्धूलचा. अंगानं काडी, पण आवाज असा की बाहेर हापशावर पाणी भरणाऱ्या बायका वळून बघायच्या.

खटके बाई मूळच्या माढ्याजवळच्या एका खेड्यातल्या. डी. एड. कुर्डुवाडीला. नवरा ऋतुराज तिथंच रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. नोकरीसाठी त्यांनी फार वर्षं वाट पाहिली होती. त्या वर्षांत शिकवण्या घेतल्या, दुसऱ्यांच्या सुट्टीच्या जागी शिकवलं, आणि मनात एक वर्ग बाळगला. त्या वर्गात मुलं प्रश्न विचारायची आणि कुणीही कुणाला भ्यायचं नाही. प्रत्यक्षात मिळालेल्या वर्गात कोण काय विचारतंय हेच त्यांना कळेना.

रात्री वडिलांना फोन केला की आण्णा हसायचे.

"अगं, तुझा आवाज काय कमी हाय का? तू बांधावरनं हाक मारली की विहिरीवरचा गडी वर बघायचा. तू बी वरड की."

बाईंनी तोही उपाय करून पाहिला. त्यांनी आवाज चढवला की वर्ग आणखी चढायचा. मुलांना वाटायचं, आता गंमत सुरू झाली.

त्याआधी बाकीचेही उपाय झाले होते. शांत बसेल त्याला चांदणीचं स्टिकर. श्रीशैलनं आपली चांदणी कपाळावर चिकटवून दिवसभर मिरवली आणि सुटताना ती दुसऱ्याला एका गोळीवर विकली. तोंडावर बोट ठेवायला सांगितलं, तर मुलं बोट तिथंच ठेवून त्याच्या बाजूनं बोलायला लागली. टाळ्यांची लय करून पाहिली. मुलांना ती फार आवडली. ती परिसर अभ्यासाच्या तासालाही थांबली नाही.

मुख्याध्यापक चनबसप्पा बिराजदार सर स्वभावानं चांगले. त्यांनी बाईंना खोलीत बोलावलं आणि आधी चहा दिला.

"खटके बाई, तुमचा वर्ग मला फोनवर बोलू देईना बघा. परवा संस्थेचे सेक्रेटरी विचारतात, सर, तुम्ही मंडईत आहात का? आता काय सांगू त्यांना?"

"सर, थोडा वेळ द्या."

"वेळ आहेच की. दिवाळीच्या सुट्टीआधी केंद्रप्रमुख हिरेमठ मॅडम भेटीला येणार. तोवर तिसरी 'ब' जागेवर बसली, तर प्रश्नच नाही. नाही बसली तर वर्ग संगप्पा सरांकडं देतो आणि तुम्हाला पोषण आहाराचं काम. वाईट वाटून घेऊ नका."

संगप्पा म्हेत्रे सर शेजारच्या चौथीचे. त्यांचा वर्ग शाळेत सगळ्यांत शांत. सर मारत नसत, शिव्या देत नसत. आवाज करणाऱ्याला झेंड्याच्या खांबाजवळ उन्हात उभं करत, एवढंच. खटके बाई मधल्या सुट्टीत त्या खांबाकडं पाहायच्या. तिथून परत आलेला मुलगा बाकावर बसला की दिवसभर वर बघायचा नाही. चौथीच्या दारावरून जाताना एकदा त्यांच्या लक्षात आलं, की आत सरांनी शिकवून झाल्यावर "समजलं का?" असं विचारलं आणि सगळा वर्ग एका सुरात "होऽ" म्हणाला. तो सूर त्यांना आवडला नाही. आपली मुलं त्या सुरात गेली तर ती पुन्हा काही विचारणार नाहीत, ही भीती त्या दिवशी त्यांच्या मनात बसली. पोषण आहाराच्या डाळ-तांदळाची नव्हे, त्या "होऽ"ची.

आणि नेमकं त्याच आठवड्यात त्यांच्या हातून एक चूक झाली.

फारसा आवाज न करणारी अशी वर्गात एकटी पायल येमूलच. मागच्या बाकावर बसायची. बाई फळ्यावर हातच्याची वजाबाकी समजावत होत्या. वळून पाहतात तर पायल लांब बसलेल्या श्रीशैलकडं बघत होती. तिनं बाईंकडं बोट दाखवलं, मग दोन्ही हातांच्या तर्जन्या एकमेकींना टेकवल्या आणि झटक्यात तोडून बाजूला केल्या. श्रीशैल हसला.

बाईंना वाटलं, ही आपली टिंगल. इतके दिवस निदान ही एक मुलगी आपल्या बाजूची आहे असं त्या समजत होत्या. त्यांनी पायलला उठवून दाराशी उभं केलं. तास संपेपर्यंत ती दाराच्या चौकटीला नख लावून रंग काढत राहिली. दुसऱ्या दिवशी आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

शाळा सुटल्यावर बाई पत्ता विचारत तिच्या घरी गेल्या. घर म्हणजे पुढं एक खोली आणि मागं पत्र्याचं शेड. शेडात टॉवेलचे माग चालू होते. दारात उभं राहून बाईंनी हाक मारली. मग पुन्हा मारली. बांधावरून विहिरीपर्यंत जाणारा तो आवाज इथं त्यांच्या स्वतःच्या कानापर्यंतसुद्धा पोचला नाही.

पायलनं त्यांना पाहिलं. ती घाबरली, पण मग शेडाच्या टोकाला मागावर उभ्या असलेल्या वडिलांकडं वळली. कपाळावर टिकलीच्या जागी बोट लावलं, आणि हवेत खडूनं लिहिल्यासारखं केलं. वडिलांनी मान हलवली. अंगठा ओठाला लावून तिरका केला. चहा. आईनं कोपऱ्यातल्या सुताच्या कांड्या भरायच्या यंत्रावरून मान वर केली, दोन बोटांत जरासं अंतर ठेवून दाखवलं. दूध थोडंच आहे. पायलनं तळहात हलवला. चालेल.

बाईंना सगळं कळलं. एक शब्द ऐकू आला नव्हता.

तेवढ्यात आईनं नवऱ्याचं लक्ष वेधून मधल्या एका मागाकडं बोट दाखवलं. दोन तर्जन्या टेकवल्या आणि झटक्यात तोडल्या. ते त्या मागाकडं धावले, तो थांबवला, वाकले, आणि तुटलेला धागा शोधून गाठ मारली.

खटके बाईंना वर्गातली तीच खूण आठवली. चहा झाला. "कूर्चोंडी मॅडम, कूर्चोंडी," म्हणत आईनं त्यांना पुढच्या खोलीत बसवलं. पायलला ताप होता, आता उतरलाय, सोमवारी येईल, असं सांगितलं. निघताना पायल गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. तिथं आवाज जरा कमी होता.

"पायल, त्या दिवशी तू श्रीशैलला काय सांगत होतीस गं?"

पायल चपलेनं माती उकरत राहिली.

"धागा तुटला म्हणत होते. हातचा कुठून आला ते कळलं नाही. त्याला कळलं का विचारत होते."

"मग मला विचारायचं की."

"इथून विचारायचं तर मोठ्यानं विचारावं लागतं. मोठ्यानं विचारलं की तुम्ही रागावता की बाई."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझं चुकलं," म्हणाल्या. ती पळत घरी गेली.

त्या रात्री बाईंचा घसा पूर्ण बसला. इतक्या दिवसांचं ओरडणं होतं ते, शेडातल्या हाकांनी पुरं झालं. सोमवारी त्या वर्गात आल्या तेव्हा त्यांच्या तोंडून नुसती हवा येत होती. वर्ग नेहमीसारखा उसळलेला. बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं:

'आज माझा माग बंद. तुम्ही घरी हातांनी बोलता तसं मला शिकवा.'

वाचणारे वाचून थांबले, न वाचणारे त्यांना बघून थांबले. वर्गात जूनपासून कधी झाली नव्हती अशी शांतता पसरली. मग श्रीशैल बाकावर उभा राहिला. त्यानं दोन्ही तळहात छातीपासून खाली दाबत नेले. माग बंद. ही पहिली खूण. दुसऱ्यानं मूठ उघडून रिकामी दाखवली. कांडी संपली. वर्गात तिचा अर्थ ठरला, पेन्सिल नाही किंवा पाणी हवं. हवेत बोट उलटं फिरवलं की पुन्हा एकदा. अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासली, कापड हातात घेऊन पोत बघतात तशी, की माल चांगला आला. आणि तर्जन्या तोडल्या की धागा तुटला. हे पायलनं दाखवलं, बाईंकडं न बघता.

बाईंच्या खुणा इतक्या अवघडलेल्या होत्या की मुलं हसून लोळली. "बाई, ते धागा तुटला नाही, ते तुमचं बोट मोडल्यासारखं दिसतंय!" अरमान ओरडला. अरमानचे अब्बा रिक्षा चालवतात, घरी माग नाही, पण तो सगळ्यांत आधी शिकला. काही मुलांच्या आया विड्या वळायच्या, ती मुलंही शिकली. घसा सुटेपर्यंत तिसरी 'ब' हातांनी चालली.

ही गोष्ट इथं संपली असती तर सोपं झालं असतं. पण मुलं ती मुलंच. थोड्याच दिवसांत आवाज बंद आणि हातांचा गोंधळ सुरू. पाढे विचारले की श्रीशैल चार बाक पलीकडं बोटांनी उत्तरं पुरवायचा. दोन मुलींनी आख्खी मालिका खुणांनी एकमेकींना सांगितली. बाईंनी वर्गालाच विचारलं, आता काय करायचं?

पायलनं हात वर केला. "बाई, शेडात उगाच हात हलवू देत नाहीत. एकाचा हात हलला की सगळे आपला माग सोडून बघतात, काय बिघडलं म्हणून. खोटा हात हलवला की बाबा लई रागावतात."

मग तसाच नियम झाला. कामाशिवाय हात हलवायचा नाही. जो हलवेल त्यानं त्या दिवशी फळा पुसायचा. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग खोटे हात हलवू लागला. फळा पुसायला सगळ्यांनाच आवडतं, हे बाईंच्या ध्यानात आलं नव्हतं. नियम उलटा करावा लागला. ज्यानं खोटा हात हलवला त्याची फळा पुसायची पाळी गेली. हे मात्र लागू पडलं. आणि आणखी एक नियम मुलांनीच घातला: माग बंद ही खूण कुणीही कुणालाही दाखवू शकतो. बाईंनाही. बाई भरभर बोलायला लागल्या की पुढच्या बाकावरचे तळहात हळूहळू खाली जायचे. बाई वाक्याच्या मध्येच थांबायच्या. एका शनिवारी ऋतुराज भाजीच्या मिठावरून बोलत होते, तेव्हा बाईंचे तळहात आपोआप खाली गेले. ऋतुराजना वर्गात काय चाललंय ते माहीत नव्हतं, तरी ते गप्प बसले.

बिराजदार सरांना मात्र खात्री वाटत नव्हती. "बाई, आवाज कमी झालाय हे खरं. पण हे हातवारे मॅडमना काय वाटतील? त्या दिवशी तेवढं बंद ठेवा."

बाई "बघते" म्हणाल्या.

हिरेमठ मॅडम आल्या त्या दिवशी सकाळीच शाळेच्या भिंतीपलीकडच्या मोकळ्या जागेत बोअरची गाडी येऊन उभी राहिली होती. प्रार्थना झाली, पहिला तास लागला आणि मशीन सुरू झालं. जमीन थरथरायला लागली, खिडक्यांच्या काचा वाजायला लागल्या. बिराजदार सर स्वतः पळत गेले. बोअरवाल्यानं कानाला हात लावून, ऐकू येत नाही असं दाखवलं, मग ओरडून सांगितलं, "पाणी लागंपर्यंत बंद न्हाय करता येत सायब!"

मॅडम एकेका वर्गात गेल्या. शिक्षक ओरडत होते, मुलं ओरडत होती. चौथीत संगप्पा सरांचा आवाजच कुणाला पोचेना. मुलं आधी चुळबुळली, मग एक जण चिखल उडताना बघायला खिडकीशी गेला, आणि पाठोपाठ सगळा वर्ग गेला. सर दाराशी उभे राहून हात वर करत होते, पण त्या हाताकडं बघायचं असतं हे मुलांना कधी कुणी शिकवलं नव्हतं.

मशीन सुरू झालं तेव्हा तिसरी 'ब'मध्ये बाईंच्या घशाशी हाक आली होती. फळ्यावर हातच्याची वजाबाकी अर्धी राहिली होती. श्रीशैल खिडकीकडं अर्धा उठलाच होता. बाईंनी वर्गाकडं पाहिलं. मागच्या बाकावर पायल उभी होती. तिचे दोन्ही तळहात सावकाश खाली आले. श्रीशैलनं एकदा खिडकीकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि खाली बसला. बाईंकडं बघून त्यानं हवेत बोट उलटं फिरवलं. पुन्हा एकदा, कुठं होतो आपण?

बाईंची हाक गिळली गेली. त्यांनी खडू उचलला.

हा आवाज त्या मुलांना नवा नव्हता. त्यांचा जन्म अशाच आवाजात झाला होता, जेवणं आणि झोप त्यातच. दहाच्या घरातला हातचा बाईंनी मुठीत घेतला, एककाच्या घरात उघडला. वर्ग बघत होता. उत्तरं बोटांवर येत होती.

दार उघडून मॅडम आत आल्या, मागून घामाघूम बिराजदार सर. मॅडम काहीतरी म्हणाल्या. पायलनं बोट फिरवलं. मॅडम पुन्हा म्हणाल्या. आता पुढची रांगही बोट फिरवू लागली. सरांनी कपाळाला हात लावला. अरमान उठला, फळ्यापाशी गेला आणि लिहिलं: 'मॅडम परत सांगा. ऐकू आलं नाही.'

मॅडम फळ्यापाशी आल्या. मग त्यांनी त्याच्या हातातून खडू घेतला आणि स्वतः एक अवघड वजाबाकी लिहिली, मध्ये शून्य असलेली. मुलं वहीत वाकली. काहींनी बोटांवर उत्तर दाखवलं. आणि तेव्हाच पायलच्या तर्जन्या टेकल्या आणि तुटल्या. मग तिच्या शेजारी बसणाऱ्या आरोहीच्या. मग श्रीशैलच्याही.

बिराजदार सर बाईंकडं अशा नजरेनं बघत होते की आजच्या दिवशी हे कशाला. तपासणीच्या दिवशी मुलं "समजलं" म्हणतात, हे शाळेतल्या भिंतींनाही पाठ असतं.

मॅडमनी भुवया उंचावून विचारलं, काय? बाईंनी आपल्या दोन तर्जन्या टेकवल्या, तोडल्या, डोक्याकडं बोट नेऊन मान हलवली. मॅडमना कळलं. त्या फळ्याकडं वळल्या, लिहिलेलं सगळं पुसलं, आणि तीच वजाबाकी पहिल्यापासून, एकेक घर बोटानं दाखवत, सावकाश सोडवली. शून्यापाशी आल्यावर थांबून वळून पाहिलं. पायलनं अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासली. श्रीशैलनंही. मग सगळ्या वर्गाची बोटं कापडाचा पोत बघू लागली. मॅडमना त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही, पण त्या हसल्या.

त्याच वेळी भिंतीपलीकडं पाण्याचा करडा फवारा उंच उडाला आणि मशीन एकदम थांबलं.

इतक्या अचानक शांतता झाली की चौथीतला खिडकीवरचा आरडाओरडा स्पष्ट ऐकू येऊ लागला. तिसरी 'ब'मध्ये पेन्सिलींचा आवाज होता. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तपासणीला मी किती वर्षं जातेय. माझ्यासमोर 'कळलं नाही' म्हणणारा वर्ग मला पहिल्यांदा भेटला." मग बाईंकडं वळून, "मुलांना हे सांगायची भीती वाटत नाही?"

बाई उत्तर देणार तोच श्रीशैल उठला आणि इतके दिवस साठवलेल्या आवाजात ओरडला, "बाईऽऽ, पाणी लागलंऽऽ!"

आणि तिसरी 'ब' उसळली. बाकांवर उभी राहिली, खिडकीशी गेली, टाळ्या पिटल्या, तेलुगू, मराठी, दखनी सगळ्यात ओरडली. हापशावरच्या बायकाही ओरडल्या. कितीतरी मुलं तळहात छातीशी धरून बाईंकडं वळून बघत होती, माग बंद करायचा का? बाईंनी दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतले. आज चालू दे.

दुपारी बिराजदार सरांनी बाईंना खोलीत बोलावलं. आज चहाबरोबर बिस्किटंही होती. "वर्ग तुमच्याकडंच. पुढच्या वर्षी ह्याच मुलांबरोबर चौथीतही तुम्हीच जा. पोषण आहाराचं मी बघतो कुणाला द्यायचं ते."

बाई बाहेर आल्या तेव्हा शाळा सुटली होती. व्हरांड्यात संगप्पा सर पायलसमोर उभे होते, दोन्ही हात छातीशी धरून. फाटकाबाहेरून मागांचा खटखटाट येत होता.

"असं?" सरांनी तळहात खाली आणले.

पायलनं मान हलवली. इतक्या जोरात नाही. तिनं सरांची मनगटं धरून हात हळूहळू खाली नेले, जसं कुणी दुधाच्या पातेल्यावर सावकाश झाकण ठेवतं. सरांनी पुन्हा करून पाहिलं. पायलनं जरा विचार केला, आणि अंगठा बोटांवर घासून पोत बरा आहे असं दाखवलं.

मग तिला बाई दिसल्या. झेंड्याच्या खांबाजवळून पळत येऊन ती मोठ्यानं, अगदी मोठ्यानं ओरडली, "बाई, उद्या भागाकार हाय ना? मला आत्ताच एक विचारायचंय!"

"विचार," बाई म्हणाल्या, आणि तिथंच पायरीवर बसल्या.